८६०३२ उसाला भूक जास्त लागते, पण हा पिवळेपणा भुकेचा नाही

पैनगंगेच्या काठच्या, यवतमाळमधल्या उमरखेडकडच्या एका शेतकरी भावाने विचारलंय. त्यांचा सुरू ऊस आहे, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली लागण. दोन एकर को ८६०३२ आणि दोन एकर फुले २६५, या उसाच्या दोन जाती. दोन्हीला सारखंच खत घातलं: लागणीला एकरी दोन बॅगा डीएपी, दीड महिन्यावर दोन बॅगा युरिया आणि एक बॅग १०:२६:२६. हे वेळापत्रक त्यांना कोल्हापूरकडच्या नातेवाइकांनी दिलं. आज साडेतीन महिने झाले. २६५ हिरवागार उभा आहे आणि ८६०३२ पिवळा पडतोय. दुकानदार म्हणतो, "८६०३२ खादाड आहे, अजून दोन बॅगा युरिया टाका." माती परीक्षणात पालाश (पोटॅशियम) भरपूर निघालाय, तरी पोटॅश टाकायचं का, हाही प्रश्न आहे. आणि मूळ प्रश्न असा की कोणत्या जातीला नेमकं किती खत लागतं?

भाऊ, आधी हातातली युरियाची बॅग खाली ठेवा. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात एक ओळ फार महत्त्वाची आहे: "शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, खालची जुनी पानं ठीक." ऊस नत्राला (नायट्रोजनला) उपाशी असला की आधी जुनं पान पिवळं पडतं, कारण झाड खालच्या पानातलं नत्र काढून वरच्या पानाला देतं. लोह असं हलत नाही. एकदा पानात बसलं की तिथेच. म्हणून लोह कमी पडलं की नवं पान पिवळं येतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडे याला केवडा म्हणतात. तुमच्या माती परीक्षणाच्या कागदावर सामू (पीएच) ८.२ आहे, चुनखडी १२ टक्के आहे, लोह आणि जस्त दोन्ही कमी आहेत. ८६०३२चं वावर नाल्याकडचं, नांगरताना पांढरे खडे वर येणारं, असंही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे फरक निम्मा जातीचा आणि निम्मा जमिनीचा आहे. २६५ क्षारपड, चोपण जमिनीतही तग धरतो, हे त्याचं नाव होण्याचं एक कारणच आहे. जागा उलट असत्या तर कदाचित तुमचा प्रश्नही थोडा वेगळा आला असता.

एक खात्री मात्र करून घ्या. पिवळ्या बेटात (एका बुडातून फुटलेल्या उसांच्या झुबक्यात) बारीक, गवतासारखे, पांढुरके फुटवे दाटून आले असतील तर तो केवडा नाही, गवताळ वाढीचा रोग आहे. ते बेट मुळासकट उपटून वावराबाहेर न्यायचं, त्याला कोणतंच खत लागू पडत नाही. लागणीच्या उसात हे कमी दिसतं, खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेल्या उसात) जास्त.

आता तुम्ही आतापर्यंत काय घातलं त्याचा हिशेब मांडू, कारण बॅगा मोजल्या की खत दिसतं, अन्नद्रव्य दिसत नाही. एकरी दोन बॅगा डीएपीतून १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद (फॉस्फरस) गेलं. दोन बॅगा युरिया म्हणजे ९० किलो (बॅग आता ४५ किलोची असते), त्यातून ४१ किलो नत्र. १०:२६:२६च्या बॅगेतून ५ किलो नत्र, १३ स्फुरद, १३ पालाश. बेरीज ६४ किलो नत्र, ५९ किलो स्फुरद, १३ किलो पालाश. गंधक शून्य.

सुरू उसाची कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलो (नत्र:स्फुरद:पालाश), म्हणजे एकरी १००:४६:४६ आहे. बघा, स्फुरदाचा पूर्ण हंगामाचा वाटा तुम्ही दीड महिन्यातच ओलांडला. त्याचं नुकसान फक्त पैशाचं नाही. चुनखडीच्या जमिनीत मुळांभोवती स्फुरद साचलं की जस्त आणि लोह उचलायला आणखी अडथळा येतो. ८६०३२च्या केवड्यात त्या दुसऱ्या डीएपीच्या बॅगेचाही हात असावा, असं मला वाटतं.

कोल्हापूरच्या पाहुण्यांचा यात दोष नाही. त्यांचा आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिने वावरात राहतो. त्याला हेक्टरी ४००:१७०:१७० लागतं. आपला सुरू बारा महिन्यांत तुटतो. त्यात आपला एप्रिल-मे ४३-४४ अंशांचा, विहिरीला लाइन रात्रीची, पाटाची पाळी आली तर आली. ऊस खत कोरडं खात नाही, पाण्यात विरघळलेलंच उचलतो. पाण्याची पाळी आठ दिवस हुकली की त्या आठ दिवसांत वावरात पडलेलं खत असून नसल्यासारखं. म्हणून दुसऱ्याच्या जिल्ह्याचं, दुसऱ्या हंगामाचं वेळापत्रक आपल्या वावरात आणताना आधी आपलं पाणी मोजायचं.

जातीचं म्हणाल, तर ८६०३२ला जास्त लागतं हे दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निघालेली ही जात खताला चांगला प्रतिसाद देते, वजनही देते आणि साखरही देते, म्हणून तिला नेहमीपेक्षा २५ टक्के जास्त मात्रेची शिफारस आहे. रुपयामागे चार आणे जास्त. एकरी १०० किलो नत्र १२५ होतं आणि स्फुरद-पालाश प्रत्येकी ५८च्या आसपास जातं. पण ही शिफारस पाणी पुरं असलेल्या, निचरा होणाऱ्या वावरासाठी आहे. जिथे पाळी हुकते तिथे मी ८६०३२लाही १००वरच थांबवतो. फुले २६५ला साधी शिफारस पुरते. तो फुटवे भरपूर करतो आणि कांडं जाड भरतं. त्याला नत्र जास्त झालं की ऊस वरजड होतो आणि लोळतो. कोसी ६७१ किंवा फुले १०००१ यांसारख्या लवकर पिकणाऱ्या जातींत किलोपेक्षा तारीख महत्त्वाची. त्यांचं शेवटचं नत्र मोठ्या बांधणीच्या (उसाच्या बुडाला माती चढवण्याच्या) पुढे एक दिवसही न्यायचं नाही. त्यांची साखर लवकर भरते आणि तोडही लवकर असते.

आता एवढं खत लागतं कशाला, हेही समजून घ्या. एक टन ऊस तयार व्हायला साधारण एक ते सव्वा किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि पावणेदोन ते अडीच किलो पालाश जमिनीतून उचललं जातं. एकरी ४० टन धरले तर नत्र ४० ते ५० किलो, स्फुरद २०च्या घरात आणि पालाश ७० ते १००. मग शिफारस १०० किलो नत्राची का? कारण घातलेल्या युरियातला निम्मादेखील उसाच्या पोटात जात नाही. थोडा हवेत उडतो, थोडा पाण्याबरोबर खाली जातो, आणि जुलैत काळ्या वावरात पाणी तुंबलं की उरलेल्यातला काही वायू होऊन निघून जातो. स्फुरदाचं तर पहिल्या हंगामात पाचवा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. बाकीचा चुन्याशी बांधला जातो.

म्हणजे जातींमधला २५ टक्क्यांचा फरक एका बाजूला आणि आपल्या हातून वाया जाणारा निम्मा युरिया दुसऱ्या बाजूला. मी या भागात इतकी वर्षं ऊस लावतोय आणि लोकांची वावरं बघतोय. माझा अनुभव असा की जात विचारणारे शंभर भेटतात, "युरिया मातीआड केला का" असं विचारणारा एखादाच. मे महिन्यात कोरड्या सरीत फेकलेला युरिया दुपारी पाणी सोडल्यावर नाकाला झोंबतो. तो वास म्हणजे तुमचं नत्र उडून चाललंय. आपल्या चुनखडीच्या, ८च्या वर सामू असलेल्या मातीत हे फार जोरात होतं. सरीच्या बगलेला ओळ पाडून, वाफशावर खत टाकून माती ओढायची आणि मग हलकं पाणी द्यायचं. एवढं केलं तरी एका बॅगेत दीड बॅगेचं काम होतं.

खत चार वेळा का विभागायचं, हे मला मुळं बघून पटलं. गेल्या वर्षी मार्चमध्ये शेजारच्या पोराला घेऊन चाळीस दिवसांच्या उसाचं एक बेट कुदळीने उकरलं. टिपरीच्या (लावलेल्या बेण्याच्या तुकड्याच्या) कांड्याभोवतीची सुरुवातीची बारीक मुळं काळी पडून तुटायला आली होती. वर, कोंबाच्या बुडातून मात्र पांढरी, जाड, दोऱ्याएवढी नवी मुळं निघून बोटभर लांब गेली होती. पोरगं म्हणालं, "काका, म्हणजे आतापर्यंत हे स्वतःचं जेवतच नव्हतं!" बरोबर आहे. पहिले तीन-चार आठवडे ऊस बेण्यातल्या साठ्यावर जगतो, खरी मुळं नंतर फुटतात. म्हणून लागणीला फक्त १० टक्के नत्र द्यायचं. सहा ते आठ आठवड्यांनी, नवी मुळं धरली आणि फुटवे सुटले की ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के. स्फुरद आणि पालाश अर्धं लागणीला, अर्धं बांधणीला. लागणीचं स्फुरद सरीच्या तळाशी, टिपरीच्या खाली पडलं पाहिजे, कारण ते जागचं हलत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं.

तुमच्या वावराचा पुढचा हिशेब आता सरळ आहे.

२६५च्या दोन एकरांत आज काहीच घालू नका, तो हिरवा आहे. मोठ्या बांधणीला एकरी ३६ किलो नत्र द्यायचं उरलंय, म्हणजे ७८ किलो युरिया, पावणेदोन बॅगा. स्फुरद नाही. ८६०३२ला, तुमचं पाणी खरंच पुरत असेल तर, ६१ किलो नत्र उरतं. त्यातलं १० किलो आत्ता द्या, पण युरियातून नको. अमोनियम सल्फेटची ५० किलोची एक बॅग घ्या. तेवढंच नत्र मिळेल आणि सोबत १२ किलो गंधक, ज्याचा तुमच्या खतात पत्ताच नव्हता. आपल्या विम्लधर्मी मातीत मुळाजवळचा सामूही त्याने थोडा उतरतो. मिळालं नाही तर अर्धी बॅग युरिया मातीआड करा आणि गंधक वेगळं द्या. बांधणीला मग ५१ किलो नत्र, म्हणजे अडीच बॅगा युरिया. पाण्याची खात्री नसेल तर त्यातली सव्वा बॅग कमी करा. पुढच्या वर्षी लागणीला डीएपीऐवजी एकरी तीन बॅगा सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धी बॅग युरिया घ्या. लागणीला हवं तेवढंच स्फुरद बसतं आणि गंधक त्यातच येतं.

केवड्याला दोन उपाय एकदम करायचे. पानावर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, अर्धा टक्का: १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. चुन्याची निवळी थोडी मिसळा, म्हणजे पान करपत नाही. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि दहा-बारा दिवसांनी परत. भर दुपारी कोणी फवारत असेल तर थांबवा, पान भाजून निघेल. आणि जमिनीतून एकरी १० किलो हिराकस आणि ८ किलो झिंक सल्फेट, पण तसंच फेकायचं नाही. चुनखडीत पडलं की पटकन बांधलं जातं. दहापट कुजलेल्या शेणखतात कालवून, ओलं करून, पाच-सहा दिवस सावलीत झाकून ठेवा आणि मग बुडाला द्या. झिंक सल्फेट स्फुरदाच्या खतात कधी मिसळू नका. फवारणीने आठवडाभरात शेंडा हिरवा व्हायला लागेल. झालाच नाही, तर माझं निदान चुकलंय असं समजून पानासकट अर्धं बेट घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.

पालाशाचं. आपली काळी माती पालाशाला श्रीमंत, कागदावर बहुतेकांचं "भरपूर"च येतं, म्हणून या भागात पोटॅश कोणी टाकतच नाही. मी तेवढं टोक गाठत नाही. चाळीस टनांचा ऊस ७०-१०० किलो पालाश वावरातून उचलून कारखान्यात नेतो आणि परत काही आणत नाही. चिकणमातीच्या थरांतला पालाश निघतो खरा, पण उसाला जोमाच्या वाढीत हवा तेवढा पटकन निघत नाही. पालाश कमी पडला की जुन्या पानाची टोकं आणि कडा करपतात, मधल्या शिरेवर वरून तांबूस झाक येते. पानात तयार झालेली साखर कांड्यात पोचवायचं काम त्याचंच, आणि उन्हाच्या ताणात पानातलं पाणी धरून ठेवायचंही. त्यामुळे कागदावर भरपूर असेल तर चार आणे कापा, सगळं बंद करू नका. तुमचं १३ किलो गेलंय. ते धरून बांधणीला २६५ला एकरी ३६ किलो म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशाचं खत) आणि ८६०३२ला त्याचीच एक बॅग पुरे.

मोठी बांधणी मृगाच्या आधी उरका. भारी वावरात एकदा पावसाने चिखल धरला की ना बैल आत जातात ना पॉवर टिलर, आणि मग खत वरूनच फेकायची पाळी येते.

बांधणीनंतर युरिया नाही, आणि हे मी स्वतः भोगून सांगतोय. ऊस लावायला लागलो त्या पहिल्याच वर्षी जुलैत वावरात पाणी तुंबलं, ऊस फिकट पडला. मी घाबरलो आणि पोळा झाल्यावर एकरी दोन बॅगा युरिया टाकला. आठ दिवसांत काळाभोर हिरवा झाला, गावातले लोक बघायला आले. नवरात्रात वारं आलं आणि निम्मा ऊस आडवा झाला. पडलेल्या उसातून पाणकोंब निघाले, उंदीर लागले, रानडुकरांना आडोसा मिळाला. तोडीला रिफ्रॅक्टोमीटर (रसाचा गोडवा मोजायचं यंत्र) लावला तर शेजारच्या न टाकलेल्या चार ओळींपेक्षा ब्रिक्स, म्हणजे गोडव्याचा आकडा, स्पष्ट कमी. ऊस वाढतच राहिला, पिकलाच नाही. त्या वेळी वावराला चर काढून पाणी बाहेर काढायला हवं होतं, खत नाही. मूळ श्वास घेत नव्हतं, त्याला जेवण वाढून काय उपयोग होता! तुमचं नाल्याकडचं वावरही सपाट आहे. आत्ताच धुऱ्याकडेने चर खोदून ठेवा.

जिवाणू खताचं तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या लागणीसाठी सांगतो. एकरी चार किलो अ‍ॅसिटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) आणि अर्धा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू ४० लिटर पाण्यात कालवून त्यात बेणं अर्धा तास बुडवायचं. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी, ही नंतर. शिफारशीत यामुळे नत्र निम्मं आणि स्फुरद पाव वाचतं असं आहे. जिवाणूंना जगायला जमिनीत सेंद्रिय कर्ब लागतो. तुमचा मध्यम आहे, म्हणून पहिल्या वर्षी नत्र पावच कमी करा, ऊस बघा आणि मग पुढचं पाऊल टाका. एकरी आठ टन कुजलेलं शेणखत किंवा सोयाबीन निघाल्यावर ताग-धैंचा गाडणं, यातलं एक तरी दर लागणीला हवंच. कच्चं शेणखत मात्र नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) त्यातून येते.

खोडव्यात तुमचा हा पिवळेपणा जास्त दिसेल, त्याची तयारी आतापासून ठेवा. पाचट पेटवू नका. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, त्यात नत्र अर्ध्या टक्क्यापर्यंत असतं आणि पालाश त्याहून जास्त. हे सगळं जाळायचं आणि मग बॅग विकत आणायची, हे मला बघवत नाही. सरीत पाचट पसरा, वर एकरी ३०-३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि चार किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका. खोडव्याचं खत पहारीने द्यायचं. बुडख्यापासून वीतभर अंतरावर वीतभरापेक्षा थोडं उथळ भोक, एका फुटावर दुसरं, खत टाकून पायाने बुजवायचं. पहिली मात्रा तोडणीनंतर पंधरा दिवसांत एका बाजूने, दुसरी चार-साडेचार महिन्यांनी विरुद्ध बाजूने. मजुरी लागते, पण पाचटाच्या वर फेकलेला युरिया पाचटच खातं आणि पहारीचा मुळाला मिळतो.

आणि बांधणीच्या आधी दोन्ही वावरांत एकेक बेट उकरून बघा. २६५ची आणि ८६०३२ची मुळं शेजारी शेजारी ठेवा. ८६०३२ची टोकं पांढरी असतील तर वर सांगितलेल्या अडीच बॅगा निर्धास्त द्या. तपकिरी आणि आखूड असतील तर दोन पाळ्या पाणी नीट देऊन, नवी मुळं फुटल्यावरच खताला हात घाला.